नोबेल मिळालं म्हणून आईची ती टेस्ट करायची का?

पत्र

ताई, नमस्कार. माझं माहेर पिंपळगाव बसवंतजवळ, सासर नाशिकला इंदिरानगरमध्ये. आई ५९ वर्षांची आहे, पंधरा-सोळा वर्षांपासून मधुमेह. मागच्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या सहा केमो झाल्या, सगळं आटोक्यात आलं म्हणाले. शेवटच्या केमोनंतर चौथ्या महिन्यात पोटात पाणी झालं आणि सीए १२५ (रक्तातली या कॅन्सरची खूण) परत वाढला. डॉक्टर म्हणतात, आता हा 'प्लॅटिनम रेझिस्टंट' आहे, औषध बदलावं लागेल.

एका लॅबचा माणूस घरी येऊन गेला. रक्तातल्या मायक्रोआरएनएचं पॅनेल करा, ४२ हजार रुपये, कोणती केमो लागू पडेल ते कळेल, शिवाय शुगरचा, किडनीचा, हृदयाचाही अंदाज येईल, असं त्याचं म्हणणं. भाऊ द्राक्ष बागायतदार आहे, शिकलेला आहे. तो म्हणतो, याच शोधाला नोबेल मिळालंय, करून टाकू. त्याच माणसाने द्राक्षबियांच्या अर्काच्या गोळ्या दिल्यात, त्या मायक्रोआरएनए 'दुरुस्त' करतात म्हणे. इकडे मामी म्हणते, पथ्य पाळलं नाही, शुगर वाढू दिली, म्हणून औषधाने साथ दिली नाही. आई हे ऐकते आणि काही बोलत नाही. आम्ही काय करावं?

— एक लेक, इंदिरानगर

उत्तर

पैसे भरायची घाई चालली असेल म्हणून निकाल आधी सांगते. ही टेस्ट करू नका. गोळ्या आजच बंद करा आणि डबी डॉक्टरांना दाखवा. मामींना हे सदर वाचायला द्या. मी डॉक्टर नाही. रेणूजीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे मायक्रोआरएनएबद्दल थोड्या अधिकाराने बोलते. केमोचा निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचाच.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका, ते निम्मं खरं आहे. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठीच मिळालं. हा शोध लागला जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत. १९९३ साली अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेला लिन-४ नावाचा एक चमत्कारिक जनुक सापडला. त्याच्यापासून प्रथिन बनतच नव्हतं, बनायचा तो २२ अक्षरांचा आरएनएचा चिमुकला तुकडा. हा तुकडा लिन-१४ नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला जाऊन चिकटतो आणि त्या संदेशापासून प्रथिन बनणं रोखतो, हे दोघांचं काम शेजारी ठेवल्यावर कळलं. कृमीचीच काहीतरी खोड असेल म्हणून बाकीच्यांनी त्याकडे फारसं पाहिलं नाही. २००० साली रुव्हकुन यांच्याकडे लेट-७ हा दुसरा तुकडा सापडला. तो माशीत होता, माशात होता, माणसातही होता. मग मात्र सगळे धावले. माणसात अशा मायक्रोआरएनएचे जनुक हजाराहून जास्त आहेत.

काम कसं चालतं? जनुकातली माहिती संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि त्या संदेशावरून पेशी प्रथिन बनवते. मायक्रोआरएनए मुळात लांब असतो. ड्रोशा आणि डायसर नावाची दोन एन्झाइम त्याला छाटून बावीसेक अक्षरांचा करतात, अर्गोनॉट नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं, आणि मग ही जोडी जुळणारे संदेश शोधून त्यांना दाबते. एक मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या संदेशांना चिकटू शकतो आणि एका संदेशावर अनेक मायक्रोआरएनए काम करत असतात. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा. टेस्टचं आणि गोळ्यांचं सगळं उत्तर पुढे त्याच्यावरच येणार आहे.

कॅन्सरशी याचा संबंध पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो २००२ साली. कार्लो क्रोचे यांच्या गटाने एका प्रकारच्या ल्युकेमियात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गळालेला असतो तो तपासला, तर तिथे दोन मायक्रोआरएनए निघाले, मिर-१५ आणि मिर-१६. हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला दाबून ठेवतात, आणि बीसीएल-२ चं काम पेशीला मरू न देणं. दाबणारेच गेले, पेशी मरेनाशी झाली. पुढे बीसीएल-२ ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध या ल्युकेमियात वापरात आलं. ते मायक्रोआरएनए नव्हे, साधी तोंडाने घ्यायची गोळी आहे.

आता औषध लागू न पडण्याचं. हे भावाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. द्राक्षावरच्या डाउनी रोगावर एकाच गटातलं औषध फवारणीमागून फवारणी मारत राहिलं की काय होतं ते त्याने बागेत पाहिलेलं असणार. मरायची ती बुरशी मरते, वाचते ती वाढते, आणि पुढच्या पावसात तेच औषध पाण्यासारखं वाटतं. गाठीतही अब्जावधी पेशी असतात, सगळ्या सारख्या नसतात, आणि सहा केमोंतून ज्या तगल्या त्यांचीच पिलावळ पुढे येते. फरक एवढाच की कॅन्सरच्या पेशीला तगण्यासाठी प्रत्येक वेळी डीएनएतलं अक्षर बदलावं लागत नाही. कोणतं प्रथिन किती बनवायचं, एवढं बदललं तरी भागतं. ते प्रमाण हलवणाऱ्यांत मायक्रोआरएनए आहेत.

तुमच्या आईला दिलेल्या दोन्ही औषधांचं उदाहरण घेऊ. कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनम गटातलं औषध, ते डीएनएच्या धाग्यांना एकमेकांत अडकवतं. पेशीला ते दुरुस्त करता आलं नाही तर तिने मरायचं असतं. पीटेन नावाचं एक प्रथिन 'जगत राहा' असे निरोप देणाऱ्या यंत्रणेला लगाम घालतं. मिर-२१४ वाढला की पीटेन कमी होतो, लगाम सुटतो, आणि सिस्प्लॅटिनसारखं प्लॅटिनम औषध पचवून पेशी जिवंत राहते. अंडाशयाच्या कॅन्सरपेशींत हे २००८ साली दाखवलं गेलं. मिर-२१ हाही पीटेनच्या मागे लागलेला. पॅक्लिटॅक्सेलचं काम निराळं. पेशी दुभंगताना ज्या सूक्ष्म नळ्या बांधते त्या ते गोठवून टाकतं. पण त्या नळ्या बांधणाऱ्या ट्युब्युलिन प्रथिनाचा एक प्रकार असा आहे की तो वाढला की पॅक्लिटॅक्सेलची पकड ढिली पडते. मिर-२००सी या प्रकाराला दाबून ठेवतो. मिर-२००सी घटला की औषधाचा जोर घटतो, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत तो पुन्हा वाढवला की औषध पुन्हा लागू पडतं. पेशींमधून पॅक्लिटॅक्सेल बाहेर उपसणारा एक पंप असतो, त्याच्यावरही काही मायक्रोआरएनएंचा ताबा असल्याचे प्रयोग आहेत.

वाचून तुम्ही म्हणाल, हेच तर लॅबवाला सांगत होता. इथवर तो बरोबरच आहे. पण हे सगळं काचेच्या बशीतल्या, एकाच जातीच्या पेशींतलं आहे. तो मोजणार तुमच्या आईचं रक्त.

रक्तात मायक्रोआरएनए सापडतात हे खरं. शरीरातल्या झाडून सगळ्या अवयवांकडून ते तिथे येतात आणि आश्चर्य वाटेल इतके टिकतात. त्यांवर पत्ता मात्र लिहिलेला नसतो. मिर-२१ चंच घ्या, असल्या पॅनेलमध्ये तो हटकून असतो. तो अनेक कॅन्सरमध्ये वाढतो. सूज असली तरी वाढतो. मधुमेहाने किडनीत किंवा हृदयात तंतू साठू लागले तरी वाढतो. तुमच्या आईला जुना मधुमेह आहे, पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, पोटात पाणी आहे. रिपोर्टवर 'मिर-२१ वाढलेला' असं आलं तर ते गाठीचं, किडनीचं की भरत आलेल्या जखमेचं, हे कोण सांगणार? 'शुगर, किडनी, हृदय सगळंच कळतं' ही त्या माणसाने फुकटची भेट म्हणून सांगितलेली गोष्ट हीच या टेस्टची सगळ्यात मोठी खोट आहे. जुनाट आजारांत मायक्रोआरएनए काम करतात यात शंका नाही. मिर-३७५ स्वादुपिंडातून इन्शुलिन किती सुटावं यात भाग घेतो, हे २००४ पासून माहीत आहे. पण शुगरसाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) आहे, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन आहे. ते स्वस्त आहे, नाशिकमध्ये कुठल्याही साध्या लॅबमध्ये होतं, आणि डॉक्टरांना त्याचं काय करायचं ते ठाऊक आहे.

आणखी एक भानगड. लाल रक्तपेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. केमो झालेल्या बाईची शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचलं जातं, ट्यूब हलते, उन्हात गाडीत राहते. थोड्या लाल पेशी फुटल्या की आकडे फिरले. त्यात आकडा कशाच्या तुलनेत मांडायचा यावर लॅबा-लॅबांत एकमत नाही. याच मिर-१६ ला बऱ्याच जणांनी 'स्थिर' म्हणून तुलनेसाठी वापरलं होतं!

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये मिर-२०० घराण्याचं प्रमाण जास्त असलं तर रुग्ण बरा राहतो, असं काही अभ्यास सांगतात. काही नेमकं उलट सांगतात. मघाचं वाक्य आठवा, एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर काम करतो. त्यातले काही पेशीला आवरतात, काही मोकाट सोडतात.

न्यायाने बोलायचं तर एक ठिकाण असं आहे जिथे रक्तातला मायक्रोआरएनए खरोखर कामाचा ठरतोय. वृषणाच्या जननपेशींच्या कॅन्सरमध्ये मिर-३७१ नावाचा एक आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात तो जवळपास नसतोच, म्हणून दिसला की अर्थ लागतो. तुमच्या आईच्या आजारात असा एकही नाही.

तरी भावाचं समाधान होत नसेल तर त्या माणसाला एकच प्रश्न विचारायला सांगा: रिपोर्ट वाढलेला आला तर आईला कोणतं औषध मिळेल, आणि कमी आला तर कोणतं? मग तोच प्रश्न ऑन्कोलॉजिस्टना विचारा. दोन्हीकडे उत्तर एकच येणार असेल तर ४२ हजार कशाचे?

डॉक्टर औषध कशावर ठरवतील तेही सांगते, म्हणजे तुम्हाला भेटीत नीट बोलता येईल. शेवटच्या प्लॅटिनमनंतर सहा महिन्यांच्या आत आजार उलटला की त्याला प्लॅटिनम रेझिस्टंट म्हणायची पद्धत आहे. तुमच्याकडे चार महिने झाले. अशा वेळी दर आठवड्याला थोडं थोडं पॅक्लिटॅक्सेल, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, जेमसायटाबिन किंवा टोपोटेकॅन, यांतलं एखादं देतात. काहींना सोबत बेव्हासिझुमॅब. निवड करताना पाहतात ते असं: आईच्या तळपायांना आधीच मुंग्या आणि बधिरपणा आहे का (मधुमेह आणि पॅक्लिटॅक्सेल दोघेही नसांवर उठलेले असतात), रक्तदाब कसा आहे, आतड्याला आजार चिकटलाय का (तसं असेल तर बेव्हासिझुमॅबने आतड्याला भोक पडण्याचा धोका), हृदय आणि किडनी किती साथ देतील, ती दिवसभर उठून-बसून असते की पडून. यातलं बरंच तुम्ही घरी बसून कागदावर लिहून नेऊ शकता. चप्पल पायातून निसटते आणि तिला कळत नाही, एवढं सांगितलंत तरी डॉक्टरांच्या दृष्टीने ते त्या पॅनेलपेक्षा मोलाचं आहे.

गोळ्यांचं थोडक्यात. द्राक्षातलं रेझव्हेरॅट्रॉल आणि तसले पदार्थ बशीतल्या पेशींचे मायक्रोआरएनए बदलतात, असे प्रयोग पुष्कळ आहेत. पण तोंडाने घेतलेलं रेझव्हेरॅट्रॉल आतडं आणि यकृत इतक्या झटपट बदलून टाकतात की रक्तात मूळ रूपात फार थोडं उरतं. खाण्यातूनच मायक्रोआरएनए मिळतात म्हणाल, तर २०११ मध्ये चीनमधल्या एका गटाने भातातला मिर-१६८ए माणसाच्या रक्तात सापडल्याचं जाहीर करून खळबळ उडवली होती. इतरांनी तपासलं तेव्हा तसं काही हाती लागलं नाही, लागलं ते नगण्य. अर्काच्या गोळ्यांचा धोका निराळाच. यकृताची जी एन्झाइम केमोची विल्हेवाट लावतात त्यांच्यात असे दाट अर्क ढवळाढवळ करू शकतात, म्हणून डॉक्टरांपासून लपवलेली गोळी वाईट. बागेतली द्राक्षं आईला आवडत असतील तर नीट धुऊन, शुगर बघून, थोडी खाऊ दे. नाशिककर बाईला द्राक्षं बंद करण्याइतकी मी कठोर नाही.

मग मायक्रोआरएनएवर औषधच नाही का? प्रयत्न झाले. मिर-३४ हा पेशीला आवरणारा मायक्रोआरएनए. त्याची प्रतिकृती चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून कॅन्सरच्या रुग्णांना देण्याची चाचणी २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. काहींच्या गाठी आकसल्याही. पण प्रतिकारशक्ती भडकून गंभीर त्रास झाले, रुग्ण दगावले, आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवली. मिर-२१ ला अडवणारं औषध किडनीच्या एका आनुवंशिक आजारात देऊन पाहिलं, फायदा दिसेना म्हणून तेही थांबलं. मायक्रोआरएनएचं एकही औषध अजून मंजूर झालेलं नाही. त्याचा चुलतभाऊ म्हणता येईल असा एसआयआरएनए मात्र २०१८ पासून औषध म्हणून बाजारात आहे, नसांच्या एका दुर्मीळ आजारासाठी. तोही त्याच अर्गोनॉट प्रथिनाच्या मदतीने काम करतो, पण एकाच संदेशावर नेम धरून. यकृतापर्यंत ही औषधं पोचवणं जमलंय. पोटभर पसरलेल्या गाठींपर्यंत अजून नाही.

उद्या कोणी म्हणालं 'आईला ट्रायलमध्ये घालतो', तर भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. तिच्यात ती चाचणी आहे का बघा. आणि ट्रायलच्या नावाखाली पैसे मागितले तर तिथेच नमस्कार करून निघा. संशोधनाचा खर्च सहभागी होणाऱ्याकडून घ्यायचा नाही, असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमावलीत आहे.

आता मामी. कार्बोप्लॅटिन शिरेतून जातं. लोणच्याची फोड किंवा लग्नातली जिलेबी त्याला अडवत नाही. शुगर सांभाळायलाच हवी, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, नसांसाठी, किडनीसाठी. पण गाठीतल्या पेशी तगल्या त्या वर सांगितलेल्या कारणांनी, आईच्या ताटामुळे नव्हे. अंडाशयाचा कॅन्सर बहुतेकींमध्ये पोटभर पसरल्यावरच सापडतो आणि पहिल्या केमोला छान प्रतिसाद देऊनही पुष्कळदा उलटतो, हे डॉक्टरांना रोज दिसतं. हे आईला तुम्ही तोंडाने सांगा, मामींच्या देखत सांगा. ती बोलत नाही म्हणजे तिला पटलंय असं समजू नका. बहुधा ती स्वतःला दोष देत बसली असेल. सोबत तिलाच विचारा, पुढचं किती कळलेलं तिला हवंय. बायका आयुष्यभर घराचे निर्णय घेतात आणि स्वतःच्या आजाराची वेळ आली की सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलतात, हे मी फार पाहिलंय. मला त्याचा राग येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर दोन-तीन ठिकाणी करा. ऑपरेशनच्या वेळचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे), स्लाइड आणि सगळे रिपोर्ट रुग्णालयाकडून मागून घ्या. दुसरं मत हवं तर पाणी भरलेल्या पोटाने आईला कसारा घाट उतरवायची घाई नको. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे, कागद पाठवून तज्ज्ञांचं मत मागवता येतं. नाहीतर आधी चौकशी करून भावाने सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडावी आणि ब्लॉक घेऊन परळला टाटामध्ये जावं. पोटातलं पाणी काढणं, मळमळ, दुखणं, झोप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आत्ताच जोडून घ्या. शेवटी बोलवायचे डॉक्टर अशी त्यांच्याबद्दल उगाच समजूत आहे. केमो चालू असतानाच त्यांचा जास्त उपयोग होतो.

आणि बीआरसीए. तुमच्या पत्रात या टेस्टचा उल्लेखच नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. अंडाशयाच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण पाच-सहा जणींत एकीला बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात दोष असतो. आईची ही तपासणी झाली आहे का, ते फाइलमध्ये शोधा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. ओलापॅरिबसारखी औषधं या दोषावर बेतलेली आहेत. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या आजारात त्यांचा कितपत उपयोग होईल हे डॉक्टर सांगतील. पण ही टेस्ट आईइतकीच तुमची आहे. आईत दोष निघाला तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तसं असेल तर स्तनांची एमआरआय तपासणी लवकर सुरू करता येते, आणि मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान, अंडाशय आणि नलिका काढून टाकण्याचा विचार करता येतो. आईच्या वेळी जे उशिरा कळलं ते तुमच्या वेळी होण्याआधीच टाळता येतं. टेस्टच्या आधी आनुवंशिक समुपदेशकाशी बोला, निकाल काय येऊ शकतो आणि आल्यावर काय करायचं ते ठरवून मगच रक्त द्या.

भावालाही त्या भेटीला घेऊन जा. हा बायकांचा विषय म्हणून तो बाहेर बसेल, बसू देऊ नका. त्याच्यातही हा दोष असण्याची शक्यता तितकीच, निम्मी. पुरुषांत त्याने प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर होतो, आणि त्याच्या मुलींकडे तो त्याच्याकडूनच जाईल.